चार दिवसांची गोधडी

दिघीत राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या सासूबाईंवर ब्रह्मदेवाने सृष्टी घडवायचं काम सोपवलं असतं, तर आजमितीला जगात फक्त मासे असते, आणि त्यांचीही शेपटं उसवून पुन्हा घालणं चाललं असतं. बाई हौसेने गोधड्या शिवतात. कधी होईल विचारा, उत्तर ठरलेलं: "चार दिसांचं काम हाय, बाय." त्या चार दिवसांत लोकांची लग्नं होतात, बारशी होतात, आणि बारशाला सांगितलेली गोधडी मूल शाळेत जायला लागलं की मिळते. मी चाकणच्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. कुठला भाग किती सेकंदांत लाइनवरून उतरायला हवा, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. असल्या माणसाची गाठ देवाने असल्या बाईशी घालावी, काय म्हणावं!

मशीन त्यांना चालत नाही. "मशिनीची शिवण म्हंजी तोंडदेखलं बोलणं," म्हणतात. अमावस्येला सुई धरत नाहीत, सोमवारी धरत नाहीत, आणि कुणी 'छान झालीय' म्हटलं की दृष्ट लागली म्हणून ओळभर टाके उसवतात. घरात जागा पुरत नाही म्हणून इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गोधडी अंथरतात. एकदा मुलाची नवी गाडी तीन दिवस आतच अडकली, कारण गोधडी हलवली तर थर सरकतील! बिचारा तीन दिवस रिक्षाने कामावर गेला, पण आईपुढे ब्र काढला नाही. मी एकदा मोबाइलवर वेळ लावून त्यांची एक ओळ मोजली. तेवढ्यात दोन चहा झाले, भाजीवाल्याची खरडपट्टी झाली, आणि ज्या बाईचं लुगडं गोधडीत शिवत होत्या तिची माहेर-सासरची सगळी हकिगत ऐकून झाली. मी मोबाइल पुढे धरला तर म्हणाल्या, "टाका न्हाई गं येळ खात, माणूस खातंय."

आई लातूरकडून आमच्याकडे मोशीला आली ती किडनीचं दुखणं घेऊन. श्रावणातच तिचे हातपाय गार. "लई थंडी वाजायलीय बघ," म्हणायची, आणि विकतचं ब्लँकेट अंगावर घातलं की ढकलून द्यायची. तिला गोधडी हवी होती, स्वतःच्या लुगड्यांची. मी सहा लुगडी पिशवीत भरून दिघीला नेली. मावशींनी, मी त्यांना मावशीच म्हणते, एकेक उलगडून हुंगलं आणि म्हणाल्या, "जित्या बाईची लुगडी हायती. पहिला टाका तिच्या हातचा पडू दे, मग मी शिवीन. घिऊन ये तिला. तिला जमत न्हसंल तर गाडी धाड, मीच येती." मी मान डोलावली. मनात म्हटलं, झालं, अमावस्या-सोमवारात आणखी एक भर! मोशी ते दिघी अर्धा तासही लागत नाही. पण महिनाअखेर आली, मग ओव्हरटाइम, मग ऑडिट, मग दिवाळीचं डिस्पॅच. आई दर आठवड्याला विचारायची, "झाली का गं?" मी सांगायची, "शिवतायत. तुला माहीत नाही, ती बाई किती चेंगट आहे ते." टाक्याचं मी तिला कधी सांगितलंच नाही. आई म्हणायची, "असू दे, हाताचं काम हाय." मावशींचा फोन आला की मी मीटिंगमध्ये आहे म्हणून कट करायची.

पौषात आई गेली. हॉस्पिटलच्या पातळ चादरीखाली गेली. तेरावं झाल्यावर मी तडक दिघी गाठली आणि नणंदेसमोर, तिच्या नवऱ्यासमोर मावशींवर तोंड सोडलं. "पाच महिने, मावशी! एक साधी गोधडी! माझी आई कुडकुडत गेली. लुगडी परत द्या माझी." त्या उठून आत गेल्या. आतून गाठोडं आणून सोडलं. सहाही लुगडी धुऊन, कापून, थरावर थर रचून, कडा दुमडून तयार होती. कोपऱ्यात सुई खोचलेली, दोरा ओवलेला. टाका मात्र एकही नव्हता. "गौरी यायच्या आधीच लावून ठिवली व्हती," एवढंच म्हणाल्या. 'मी तुला सांगितलं होतं', 'किती फोन केले', यातलं एक अक्षर नाही. मला वाटत होतं, बोलावं त्यांनी, चार माणसांत माझी लाज काढावी. तेवढी दयाही त्यांनी दाखवली नाही.

"आता तूच घाल," म्हणाल्या. मी टाका घातला. टाका वाकडा गेला. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा पुरी झालेली गोधडी घेऊन आमच्या दारात उभा. म्हणजे बाई खरंच सांगत होत्या. वरचे पाच महिने माझे होते.

हल्ली त्यांचा फोन मी पहिल्या रिंगला उचलते, मीटिंग चालू असली तरी. त्या गुडघ्यांचं सांगतात, सुनेचं गाऱ्हाणं करतात, ती माझीच नणंद आहे हे विसरून. आणि फोन ठेवताना हळूच विचारतात, "पांघरती न्हवं गं?" मी हो म्हणते. गोधडी कपाटात आहे, त्यांनी दिली तशी. आईच्या आधी तिची घडी मी कशी मोडू?