यंत्र वाजतंय, डॉक्टर

लोकांच्या तोंडात वाकून वाकून दातांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळपर्यंत पार पिळून निघायच्या. उमेदीच्या वयात रूट कॅनॉल करताना मुळाचं टोक त्या एक्स-रे बघून आणि बोटांच्या अंदाजानं गाठत. मग यंत्र आलं. त्याची आकडी पेशंटच्या ओठाला अडकवायची, दुसरी वायर मुळात घातलेल्या बारीक सुईला लावायची. सुई टोकाजवळ आली की यंत्र टिकटिकतं, टोकाला लागली की सलग वाजतं. स्क्रीनवरही दिसतं, पण बाई कानावरच भागवायच्या. शिणलेल्या डोळ्यांना तेवढाच आराम.

अलीकडे मात्र यंत्र मधूनच मुकं व्हायला लागलं. दुरुस्तीला पाठवलं, तर काही दोष नाही म्हणून परत आलं.

"मावशी, आवाज कोणी कमी केला?" बाई मदतनीस मावशींवर करवादायच्या.

"पूर्ण मोठा आहे हो मॅडम."

"उलट बोलू नका."

मावशी मग गप्पच राहायला लागल्या.

एका दुपारी बाईंची थोरली जाऊ गाल धरून आली. दाढ बधिर करून बाईंनी सुई आत सारली. जरा वेळानं जाऊबाई "आँ, आँ" करायला लागल्या.

"दुखतंय का वहिनी?"

मान नाही अशी हलली. बाईंनी सुई आणखी किंचित पुढे सरकवली. तशी जाऊबाईंनी त्यांचं मनगटच पकडलं. बाईंनी सुई काढली, ओठावरची आकडी सोडवली.

"अगं, ते केव्हाचं कोकलतंय! वाजलं की थांबायचं असतं ना? मागे तूच तर सांगितलंस."

बाईंनी वळून पाहिलं. मावशी खाली मान घालून ट्रेमधला कापूस सारखा करत होत्या.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"रोजच येतं, मॅडम."

स्क्रीनवर नजर ठेवून बाईंनी पुन्हा माप घेतलं, एक्स-रे काढून खात्री केली. सुई टोकाच्या पलीकडे गेली होती, म्हणून दाढ थोडे दिवस ठणकली, मग शांत झाली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वर्षानुवर्षं ड्रिल कानाशी होतं. बारीक, चिरके आवाज गेलेत. बोलणं अजून कळतं."

"परत येईल ऐकू?"

"नाही."

बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. उठावंसंच वाटेना. घरी नवरा म्हणाला, "मला वाटायचं, तू मुद्दाम कानाडोळा करतेस. निदान भांडण तरी मिटलं." त्या कशाबशा हसल्या.

काही दिवस मावशी शेजारी उभ्या राहून "आलं, थांबा" म्हणायच्या. एक डोळा दाढेत, एक स्क्रीनवर, कान मावशींकडे. बाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी दवाखान्यात सकाळी येणाऱ्या तरुण डॉक्टरला त्या म्हणाल्या, "रूट कॅनॉल आता तू कर. मी दात काढीन, कवळ्या बसवीन."

"मॅडम, अहो, स्क्रीन आहे की!"

"आहे. पण मी दमलेय रे."

मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला उगाच बोलत होते मी."

"चालायचंच," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कवळी बसवून घ्यायला एक आजोबा आले. ते आपल्या सुनेबद्दल तासभर बोलत राहिले. बाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.