विहीर मोजायला लावणाऱ्या बाई

आदरणीय वनमाला गायकवाड बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात बेंबळीजवळच्या आमच्या गावी त्या शिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा मी चौथीत होते. बौद्ध मजूर कुटुंबातून शिकून आलेल्या बाईंची ती पहिलीच नोकरी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला शाळेच्या विहिरीवर नेलं.

"पाणी कमी झालं म्हणतात. किती, ते कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं.

बाईंनी दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दगड तळाला टेकवायचा. जितक्या गाठी ओल्या, तितकं पाणी. आम्ही पाळीपाळीनं रोज मोजून वहीत लिहू लागलो. काही दिवशी पाणी झपाट्यानं उतरे, काही दिवशी जेमतेम. कारण बाईंनी सांगितलं नाही, शोधायला लावलं. शेजारच्या उसात मोटार चालली की पाणी उतरतं, हे पोरांनीच ताडलं.

ऊस आमचा होता. माझे वडील, तात्या, सोसायटीचे चेअरमन. माझ्या पाळीला तीन गाठी ओल्या असताना मी पाच लिहिल्या. बाईंनी दोरी चाचपली.

"बाई, मोटार आमची हाय," मी रडत म्हणाले.

"मग तर नीटच मोजायला हवं. कदाचित मोटारीचा दोष नसेलही."

पोरांच्या या मोजणीची कुणकुण लागताच तात्या शाळेत आले. "लेकरांस्नी आमच्या मोटारीवर पाळत ठिवाय शिकवता व्हय, बाई?" आता बाईंची बदली होणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"आमचं चुकतही असेल, तात्या. तीन दिवस मोटार बंद ठेवा, रोज तुम्हीच दोरी सोडा. पाणी वाढलं नाही, तर पोरांसमोर चूक कबूल करीन."

तिसऱ्या दिवशी दोन गाठी जास्त भिजल्या. तात्यांनी ओल्या गाठी पुन्हा एकदा बोटांनी मोजल्या. "मला लई दिसांपासून वाटत हुतं," ते म्हणाले, "बघायचं धाडस न्हाय झालं." ऊस चाऱ्यासाठी कापला गेला. पाऊस येईपर्यंत निम्मं गाव त्या विहिरीवर पाणी भरत होतं. हातचा ऊस गेला म्हणून घरी आई मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

माझ्या खोट्या आकड्याबद्दल बाईंनी कुणालाही सांगितलं नाही. पुढं मी शिक्षिका झाले, तेव्हा रविवारी एसटीनं येऊन माझ्या वर्गाला बिया रुजताना बघता याव्यात म्हणून डब्यांत माती भरून द्यायलाही त्याच होत्या.

परवा या लेखाच्या निमित्तानं त्यांच्या धाराशिवच्या घरी गेले, तर बाई अंगणात भिंग घेऊन मुंग्या बघत बसलेल्या.

"साखर सोडून या गुळाकडंच का जातात गं? चार दिवस बघतेय."

"मलाही नाही माहीत," मी म्हणाले. "मग बस," म्हणाल्या आणि सरकून जागा दिली.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघे न कुरकुरता त्यांना असंच जमिनीवर बसता येवो, आणि त्यांच्या शेजारची जागा आम्हाला मिळत राहो.