किल्डोननचा नकाशा आणि आभाराची दोन मिनिटं

किल्डोननला ट्रेन आपणहून थांबत नाही; गार्डला आधी सांगून ठेवावं लागतं. मी दोनदा सांगितलं. पुढचं स्टेशन किती लांब आहे ते नकाशात पाहिलं होतं.

स्कॉटलंडच्या या उत्तर टोकाला आलो होतो तेही नकाशापायीच. इथल्या बर्नमध्ये (ओढ्यात) एके काळी सोनं सापडलं, माणसांची झुंबड उडाली, आणि त्याच सुमारास सरकारी मोजणीदार जमीन मोजायच्या साखळ्या घेऊन आले. त्यांच्या नकाशाच्या स्मरणार्थ फलकाचं अनावरण होतं. माझा मित्र मिलिंद एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये काम करतो आणि सुट्टीत जुने नकाशे धुंडाळतो. त्याला भाषणासाठी दहा मिनिटं मिळाली होती.

त्याला एवढंच सांगायचं होतं की इथल्या डोंगर-ओढ्यांची नावं मोजणीदारांना सांगितली ती मेंढपाळांनी आणि जमीनदाराने जमिनीवरून हुसकावलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी. नावांचे साक्षीदार म्हणून नोंद झाली जमीनदाराची आणि पाद्र्याची. फलकावरही हेच दोघे.

"आपल्याकडे गाव मोजताना वेशीबाहेरच्यांना कुणी विचारलं असेल?" तो ट्रेनमध्ये म्हणाला होता.

मंडपात आधी बॅगपाइप, मग किल्टमधले अध्यक्ष, मग माजी अध्यक्ष, तेही एकाहून अधिक. बाहेर पाऊस, आत मिज (चिलटाएवढी चावरी माशी). सँडविचमध्ये काकडी होती, असं सांगण्यात आलं. शेवटी अध्यक्षांनी मिलिंदला बाजूला घेतलं. वेळ संपली होती, ते अतिशय दिलगीर होते, त्याने दोन मिनिटांत आभार मानले तर चालेल का? मिलिंद लगेच हो म्हणाला.

मी चिडले. "अरे, यासाठी एवढ्या लांब आलो?"

"इतकी वर्षं लंडनला एजवेअरच्या मराठी मंडळात जातेस. आभार मानणाऱ्याला कधी कुणी थांबवलंय?"

"थांबवायला उरतंच कोण? सगळे जेवणाच्या रांगेत असतात."

"इथले लोक बसून राहतात."

बसून राहिले. त्याने अध्यक्षांचे आभार मानले, पाइपवाल्याचे मानले, काकडीचेही मानले. मग साखळी ओढणाऱ्यांचे. मग ज्या मेंढपाळांनी ओढ्यांची नावं सांगितली त्यांचे. ज्या म्हातारीचं घर नकाशात मेंढवाडा म्हणून दाखवलंय, तिचे. एकेक नाव घेऊन तो थांबत होता आणि लोक सवयीने टाळ्या वाजवत होते. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, पण आभार तोडणं त्यांच्या संस्कारात बसेना. सर्वांत जोरात टाळ्या जमीनदाराच्या पणतूच्या. नीट ऐकलं नसावं.

परतताना प्लॅटफॉर्मवर हात उंच धरून उभे राहिलो, तेव्हा कुठे ट्रेन थांबली. अंग चिलटांनी फोडून काढलं होतं.

"फलक काही बदलला नाही," मी कुरकुरले.

"नाही बदलला. पण आता ही नावं ऐकलीच नव्हती असं त्यांना म्हणता येणार नाही. टाळ्या वाजवल्यात."

एजवेअरच्या पुढच्या कार्यक्रमात मला अध्यक्षपद देऊ केलंय. मी आभारप्रदर्शन मागून घेतलं, जेवणाआधी.