आग्रहाशिवाय गाणं नाही

वाचकहो, पुढचं निवेदन अतिशय गंभीर आहे. शक्यतो बसून वाचा. गाणं निवडण्यावर माझ्या साडूंइतका विचार अख्ख्या न्यूझीलंडमध्ये कोणी केलेला नाही. आणि दोन वर्षं दर महिन्याला मैफलीत जाऊन, स्वतः निवडलेलं एकही गाणं न वाजवता परत येणारेही तेच.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, पेशाने पुलांचे इंजिनियर, मुक्काम जॉन्सनव्हिल. पन्नाशीला मॅन्डोलिन घेतलं आणि ब्लूग्रासच्या नादी लागले. हे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गिटार घेऊन मंडळी गोल करून बसतात, त्या बैठकीला जॅम म्हणतात. ज्याचा नंबर येईल त्याने एक गाणं निवडायचं, पट्टी सांगायची आणि सुरू करायचं, बाकीचे साथ करतात. इतकं सोपं. पण सोप्या गोष्टींवर साडूंचा मुळात विश्वासच नाही. त्यांनी गाण्यांचं एक्सेल शीट केलं. पट्टी, लय, कॉर्ड किती, आणि शेवटी ‘मृत’ असा एक रकाना, कारण या संगीतात दर दुसऱ्या गाण्यात कोणीतरी मरतं. जॅमच्या आधी आठवडाभर मला फोन.

“रविवारी पाऊस आहे हो. बुडणारीचं नको वाटतं. रेल्वेखालचा चालेल?”

“कोणी जगणारं नाही का?”

“आहे एक. पण तो तुरुंगात आहे.”

मी श्रोता म्हणून जायचो. खरं तर साडू तिथे डबाभर चकल्या नेत, त्यांच्यासाठी. नंबर आला की बँजोवाला रॉब, हा एक निवृत्त प्लंबर, प्रेमाने विचारी, “युवर कॉल, मेट?” साडूंच्या बोटांत आठवडाभर घोटलेलं गाणं तयार असे. पण पहिल्याच विचारणीला गाऊ लागतो, तो माणूस त्यांच्या मते असंस्कृत. एकदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा घसा बसायचा, तिसऱ्या आग्रहाला गायचं. त्यामुळे साडू हात जोडून म्हणत, “नो नो, यू गो फर्स्ट.” त्यावर रॉब प्रसन्नपणे “स्वीट अ‍ॅज!”, म्हणजे इकडचं ‘झकास!’, म्हणून पुढच्याकडे वळे.

परतताना गाडीत साडू धुमसत. “अजून एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?”

“तुम्हीच सरळ हो म्हणा की.”

“आपणहून? शोभतं का ते!”

मग सईचं डुनेडिनला शिकायला जायचं ठरलं. सई त्यांची एकुलती एक. इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. जाण्याआधीच्या रविवारी ती बाबांना ऐकायला येणार होती. या वेळी एक्सेल उघडलंच नाही. सई तान्ही असताना रात्र रात्र झोपायची नाही, तेव्हा साडूंनी तिच्यासाठी चार ओळी रचल्या होत्या. मेंढ्या मोजता मोजता पेंगलेल्या टेकडीच्या. “मरत कोणी नाही,” ते फोनवर लाजत म्हणाले, “पट्टी पांढरी पाच, म्हणजे यांची जी. आता नाही गायलं, तर मग कधी?”

नंबर आला. रॉबने विचारलं. माझी चकली हातातच राहिली. आणि साडूंनी, अहो, सवयच ती, हात जोडले! “नो नो, यू...” रॉब फिडलवालीकडे वळलासुद्धा. एवढ्यात मागच्या खुर्चीतून सई ओरडली, सगळा हॉल वळून बघू लागला, आणि साडू गायले. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तिथे फिडलने त्यांना अलगद उचलून घेतलं.

सई आता तिकडे दूर आहे. साडू अजून जॅमला जातात. रॉबने विचारलं की क्षणभर मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात, मग मुकाट्याने “जी” म्हणून सुरू करतात. त्या दिवशी फिडलवालीने मला विचारलं होतं, पोरगी काय ओरडली? मी सांगितलं, फर्माईश केली. फर्माईश कसली! कित्येक वर्षांत न उच्चारलेल्या मराठीत, भर हॉलमध्ये ती म्हणाली होती:

“बाबा, किती भाव खातोस, गा ना!”