तुपाचा हात

माझ्या मुलीला दूध आणि अंडं चालत नाही. चालत नाही म्हणजे ती नाक मुरडते असं नव्हे. पेढ्याचा कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगभर गांध्या उठतात आणि आम्ही दवाखान्याकडे पळतो. त्यामुळे तिच्या वाढदिवसाला केक यायचा तो इतरांसाठी. ती मेणबत्ती विझवायची, केक कापायची आणि मी तिला लगेच बेसिनकडे न्यायचे, साबणाने हात धुवायला. मग बाकीची पोरं केकवर तुटून पडायची आणि ही माझ्याजवळ बसून राजगिऱ्याचा लाडू खायची. एकदाही रडली नाही. मला त्याचाच राग यायचा.

यंदा ती सात वर्षांची होणार होती. मी जाहीर करून टाकलं, "या वेळी केक तू खायचा!" बोलून बसले खरी, पण मला केक कुठे येत होता? पहिल्या रविवारचा असा निघाला की नवरा म्हणाला, "असेच दोन-चार कर, गॅलरीत फरशी बसवून टाकू." दुसरा मधोमध खचला. तिसरा मात्र फुलला! गव्हाचं पीठ, पिठीसाखर, नारळाचं दूध, सूर्यफुलाचं तेल. शेवटी खायचा सोडा घालून वर लिंबू पिळलं की मिश्रण फसफसतं, ते तसंच झटकन ओव्हनमध्ये ढकलायचं. ती फसफस बघून मी आणि मुलीने ओट्यापाशी चक्क उड्या मारल्या. पुढचा आठवडाभर तिला दुसरा विषय नव्हता.

वाढदिवसाच्या दिवशी सासूबाई सकाळपासून माझ्या हाताशी होत्या. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं. तिथून त्यांच्या भावाने काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली होती, ती केकवर लावायची होती. मी पीठ चाळलं, त्यांनी केकचा डबा तयार करून दिला. चार वाजता केक बाहेर आला. काय फुगला होता! मी नवऱ्याला फोन करून ओरडतच सांगितलं.

"सुटला कसा बघ डब्यातून," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "घरच्या तुपाचा हात फिरवलाय मी."

"तूप? आई, तूप लावलंत?"

"अगं, तूप हे ते. दूध थोडीच हे! आन् लय थोडं लावलं."

वड्या थापायच्या तर ताटाला तूप, ढोकळा लावायचा तर थाळीला तूप. चाळीस वर्षांची सवय होती ती, हे आज कळतं. तेव्हा मी भडकले. "कढवलं तरी ते दुधाचंच ना! किती वर्षं सांगतेय मी!" आवाज इतका चढला की मुलगी खोलीतून धावत आली. तिने केककडे पाहिलं, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी म्हणाली, "मला चालत नाही ना? असू दे. लाडू आहे डब्यात."

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. मग उठल्या आणि कपाटातून एक कोरा स्टीलचा डबा काढला, स्टिकरसुद्धा न निघालेला.

"पोरं सहाला येणार ना? चाळ पीठ."

मग काय, नुसती धांदल! मी ओटा दोनदा पुसला, मुलीने लिंबू पिळलं, सासूबाईंनी डब्याला तेल लावलं, तेही बाटली मला दाखवून. तुपाचा केक शेजारी गेला. नवा केक ओव्हनमधून निघाला तेव्हा पाहुणी पोरं जिना चढत होती. गरम केकवरच आम्ही तिघींनी द्राक्षं लावली, निम्मी घसरली, आणि आम्हाला हसू आवरेना. औक्षणाच्या ताटात पाहिलं तर निरांजनात तेल होतं. मी त्याबद्दल काही बोलले नव्हते.

मेणबत्ती विझली, टाळ्या वाजल्या, मुलीने केक कापला. सुरी खाली ठेवली आणि नेहमीसारखी सरळ बेसिनकडे चालू लागली.

मी हाक मारणार तोवर सासूबाई तिथे पोचल्यासुद्धा. तिने सोडलेला नळ त्यांनी बंद केला.

"आज नाय धुवायचे हात," त्या म्हणाल्या. "चाट."

मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने आधी एकच बोट तोंडात घातलं.