आत्याच्या भिंतीतला जिना

माझी आत्या कपडे शिवायची. कोट, पडदे, शाळेचे गणवेश, जे येईल ते. मोजायची टेप तिच्या गळ्यात कायम असायची, अगदी बाजारात जातानासुद्धा. आणि एखादा प्रश्न डोक्यात शिरला की त्याचा छडा लागेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. "हिला पोलिसात घ्यायला हवं होतं," असं आतोबा म्हणायचे. आतोबा म्हणजे तिचे यजमान. उभं आयुष्य ट्रक चालवून ते नुकतेच घरी बसले होते, आणि आता आपल्याला कुणी काही विचारू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढल्यावर दोघांनी एक जुनं जोडघर घेतलं. म्हणजे छप्पर एकच, घरं दोन, मधली भिंत सामाईक. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, "घर जुनं आहे, पण दणकट आहे." आत्याने त्यांना बरेच प्रश्न विचारले, पण त्या वेळी तिला जे सुचले तेवढेच.

राहायला गेल्यावर बाकीचे सुचले.

पहिला प्रश्न दोऱ्याच्या रिळाचा. पुढच्या खोलीत रीळ हातातून पडलं की ते घरंगळत थेट मधल्या भिंतीपाशी जाऊन थांबायचं. कुठूनही पडो, मुक्काम तिथेच. आतोबा म्हणाले, "जुन्या घरात जमीन थोडी कलतेच." आत्या म्हणाली, "कलेल ना, पण भिंतीकडे का? मधोमध खचली असती तर समजलं असतं."

दुसरा प्रश्न वासाचा. एक गिऱ्हाईक शिवलेला कोट परत घेऊन आलं आणि म्हणालं, "बाई, याला दवाखान्यासारखा वास येतोय." आत्याने कोट हुंगला. खरंच होतं. तिने घरभर नाक लावून तपास केला, तेव्हा कळलं की वास सगळ्यात जास्त येतो तो मधल्या भिंतीत बसवलेल्या लाकडी कपाटात. तयार कपडे ती तिथेच टांगायची.

तो वास कसला हे ओळखायला फार डोकं लागलं नाही. शेजारी कवळ्या बनवणारे गृहस्थ राहायचे. सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची. मागच्या अंगाला वरच्या मजल्यावर त्यांची कामाची खोली होती आणि तिथून दिवसभर घासकामाच्या यंत्राची घर्रघर्र यायची. ते गुलाबी हिरड्यांचं मिश्रण कालवायचे, त्याचाच हा उग्र वास. पण एवढ्या जाड भिंतीतून तो आत्याच्या कपाटात येतो कसा?

ती सरळ विचारायला गेली. कवळीवाले दारातच उभे राहिले.

"तुमच्याकडचा वास आमच्या कपाटात येतो. कुठे भोक वगैरे आहे का भिंतीत?"

"माझ्या घरातला वास माझ्या घरातच राहतो, ताई," ते म्हणाले. "तुमचं कपाट पुसा."

दार बंद झालं. आत्याला रागापेक्षा नवल वाटलं. साध्या वासाच्या प्रश्नावर माणूस इतका का तडकतो?

तिसरी गोष्ट पडद्यांमुळे कळली. पुढच्या खोलीसाठी पडद्याची दांडी घ्यायची म्हणून तिने खोली आतून मोजली. मग काय मनात आलं कोण जाणे, आतोबांना टेपचं दुसरं टोक धरायला लावून बाहेरून घराचं तोंडही मोजलं, कोपऱ्यापासून दोन घरांमधल्या खांबापर्यंत. दोन्ही मापं जुळेनात. भिंतींची जाडी धरूनही आतली खोली चांगली हातभर कमी भरत होती. तिने पुन्हा मोजलं. तरी तेच.

"कोटात असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, अस्तरात काहीतरी राहिलंय," ती म्हणाली.

"हे घर आहे. याला अस्तर नसतं," आतोबा म्हणाले आणि टेप सोडून आत गेले.

दुपारी ते झोपल्यावर आत्याने कपाट रिकामं केलं. पाठीमागची फळी सैल होती, ती निघाली. तिच्यामागे विटा होत्या, आणि एका विटेभोवतीचा चुना भुसभुशीत झाला होता. आत्याने तो उलथन्याने कोरला आणि वीट हलवून हलवून बाहेर काढली. भोकातून गार हवा आली, सोबत तो वास. तिने बॅटरी लावून आत डोकावलं.

"अहो, उठा! आपल्या भिंतीत जिना आहे."

"चष्मा लाव," आतोबा झोपेतच म्हणाले.

पण जिना खरोखरच होता. अरुंद, लाकडी, धुळीने पांढरा झालेला, वरच्या अंधारात जाणारा. आतोबांनी स्वतः पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ती वीट परत लाव," ते म्हणाले. "आपण काही पाहिलेलं नाही."

"असं कसं? बघितलं ना आत्ता दोघांनी!"

"अगं, हे असलं काही निघालं की बांधकाम खात्याची माणसं येतात. ती नुसती चहा पिऊन जात नाहीत, नोटीस चिकटवून जातात. मग म्हणतील हे बेकायदा, ते पाडा, दंड भरा. आपल्या वयात हे लचांड कशाला?"

त्यांचं चुकत नव्हतं, आणि आत्यालाही ते कळत होतं. ती दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण इमारतींची इंजिनिअर होती. "नुसतं बघायला ये म्हणावं," आत्या म्हणाली. "कागद नको, बोभाटा नको."

इंजिनिअरबाई आल्या तेव्हा मीही होते. त्यांनी आधी जमिनीवर पातळी लावून उतार तपासला, मग छताकडे बराच वेळ पाहिलं, आणि शेवटी कपाटातल्या त्या भोकात हात घालून चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा त्यांचा सूर बदलला होता.

"काकू, ही वीट कुणी काढली?"

"मी."

"अजून किती काढणार होता?"

"माणूस शिरेल एवढं भोक करायचा विचार होता," आत्या म्हणाली.

"बरं झालं नाही केलंत." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "ही मोठी तुळई दोन्ही घरांचं छप्पर पेलते. तिच्याखाली इथे पूर्वी खांब असणार. जिना बंद करताना कुणीतरी तो काढून टाकलाय आणि ही एका विटेची आडभिंत घातलीय. म्हणजे आज तुमची आणि शेजाऱ्यांची तुळई या कपाटावर उभी आहे म्हणा ना. म्हणून जमीन इकडे दबतेय. मोठं भोक पाडलं असतंत तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही."

आत्याने चटकन जाऊन ती वीट होती तिथे बसवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कुतूहलाची भीती वाटलेली मी पाहिली.

इंजिनिअरबाईंनी त्याच दिवशी माणसं बोलावून तुळईला लोखंडी टेकू लावून घेतले. पण ते तात्पुरतं होतं. नवा खांब घालायचा तर परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर सगळं उघड करायला हवं. आतोबा डोक्याला हात लावून बसले. मग म्हणाले, "चल. छपराखाली चिरडून मरण्यापेक्षा नोटीस बरी."

कार्यालयातला कारकून स्वभावाने बरा होता. त्याने जुना मंजूर नकाशा काढला, पाहिला आणि हसू लागला. "इथे तर एकच घर आहे. मधे जिना, दोन्हीकडे खोल्या. दोन घरं करायची परवानगी कुणी कधी घेतलेलीच नाही."

"मग आता?"

"आता तुम्ही आणि तुमचे शेजारी आधी एक व्हा, एकत्र अर्ज करा. मग रीतसर वेगळे व्हा."

हे घरी येऊन सांगताना आत्याला हसू आवरेना. आतोबांना मात्र हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण आता कवळीवाल्यांची सही लागणार होती.

कवळीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि सही द्यायला साफ नकार दिला. टेकूंबद्दल सांगितलं तरी ऐकेनात. "एवढी वर्षं उभं आहे घर. तुम्ही आलात आणि पडायला लागलं?"

"तुम्हाला जिन्याचं माहीत होतं," आत्या म्हणाली. ती विचारत नव्हती. त्यांनी एकदा मागे वळून आत पाहिलं. मग हळूच म्हणाले, "होतं. आणि मागची कामाची खोली मी परवानगीशिवाय बांधलीय, हेही मला माहीत आहे. खात्याच्या माणसांनी मोजायला सुरुवात केली की ती जाणार. मी कवळ्या कुठे करू, तुमच्या अंगणात?"

त्या दिवशीच्या त्यांच्या तडकण्याचा अर्थ आता लागला. आत्या वाद घालायला गेली होती, पण तिने वाद घातला नाही. इंजिनिअरबाईंनी दुसऱ्या बाजूने, जिथे भार नव्हता तिथे, आत शिरायला वाट करून दिली होती. "एकदा आत येऊन बघा तरी," ती म्हणाली. "सही नका करू. नुसतं बघा. तुम्हाला कधी वाटलं नाही, आत काय असेल?"

माणूस कितीही अडून बसला तरी या प्रश्नापुढे टिकणं अवघड असतं. ते आले.

आत एका खुंटीला छत्री लटकत होती, कोपऱ्यात झाडू टेकवलेला होता. कुणी आत्ता येऊन उचलेल अशा थाटात. आत्या पुढे, कवळीवाले मागे, आणि इंजिनिअरबाई खालून "कडेकडेने चढा, मधे पाय देऊ नका," असं ओरडत होत्या. वर एक दार होतं. कवळीवाल्यांनी बॅटरीच्या उजेडात त्याच्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "हे माझ्या झोपायच्या खोलीत निघायला हवं. पलीकडून आम्ही कपडे टांगायची फळी ठोकलीय." आणि काय सुचलं त्यांना, त्यांनी दारावर टकटक केली.

पलीकडून किंकाळी आली.

"अगं, मी आहे!"

"भिंतीत?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"जिन्यावर!"

"मग बाहेरून या ना माणसासारखे!"

आत्या पायरीवर बसून पोट धरून हसली. पण बायको गप्प बसणारी नव्हती. ती बाहेरून वळसा घालून आत्याच्या घरी आली, टेकू पाहिले, इंजिनिअरबाईंकडून सगळं नीट समजून घेतलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी या तुळईच्या भरवशावर झोपतेय, आणि तुम्ही खोली वाचवताय?"

सही झाली.

पुढचं सोपं होतं असं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकेक भिंत मोजली, आणि कवळीवाल्यांना भीती होती तेच झालं. मागची खोली हद्दीला फार चिकटून होती, ती पाडावी लागली. दंडही झाला, दोघांनाही. पाडायच्या दिवशी कवळीवाले सकाळीच कुठेतरी निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. आत्याने त्यांचं कामाचं टेबल, साचे, यंत्र, सगळं उचलून आपल्या पुढच्या खोलीत आणवलं आणि शिलाई यंत्रासमोर मांडलं. आतोबांना विचारलं नाही. त्यांनीही हरकत घेतली नाही, फक्त खिडकी उघडी ठेवली.

नवी खोली मंजूर होऊन बांधून होईपर्यंत बरेच महिने दोन्ही धंदे त्या एका खोलीत चालले. कोटाचं माप द्यायला आलेला माणूस समोर दातांची रांग पाहून दचकायचा. दोघांची भांडणंही व्हायची, दिव्याच्या उजेडावरून, पंख्यावरून, कापसाच्या धाग्यांवरून. "ताई, तुमचं सूत माझ्या हिरड्यांत शिरतंय!" अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे.

खांब उभा राहिला. जिना काढला, कारण नियमाप्रमाणे मधली भिंत पक्की असायला हवी होती. आत्याच्या वाट्याला एक अरुंद कोनाडा आला, त्यात ती कापडाचे तागे ठेवते.

पण तिचा एक प्रश्न राहिलाच होता. जिना बंद कुणी केला, आणि का? गल्लीत सगळे सांगायचे की तिथे दोन भाऊ राहायचे आणि त्यांचं हाडवैर होतं. आत्याला ते पटत नव्हतं. वैर असतं तर खांब काढून दोघांच्याही डोक्यावर धोंडा कोण घेईल? तिने चौकशी करत करत धाकट्या भावाची मुलगी शोधून काढली. ती आता पार म्हातारी होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात राहत होती. मी आत्याबरोबर गेले.

"भांडण?" म्हातारी म्हणाली. "छे! बाबा आणि काका एका ताटात जेवायचे. आमच्या काकूला झोपेत चालायची सवय होती. एकदा त्या जिन्यावरून खाली आली ती गडगडतच. काकांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी आणला. त्यांना दोन्हीकडून सरळ भिंत हवी होती, खांब मधे येत होता, तो काढला. कुणाला विचारायला वेळ कुठे होता? त्यांना फक्त काकू पडायला नको होती."

 आत्याने फोन काढून जिन्याचे फोटो दाखवले, काढण्यापूर्वीचे. म्हातारीने फोन डोळ्यांजवळ नेला आणि छत्रीवर बोट ठेवलं.

"ही माझ्या आईची," ती म्हणाली. "कुठे हरवली म्हणून मला मार बसला होता."

छत्री आत्याकडेच होती. पुढच्या रविवारी ती पुन्हा बसने गेली आणि नेऊन दिली. कापड विरलं होतं, म्हणून जाण्याआधी तिने नवं चढवलं होतं.