तीन भाषांचं खुराडं

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाजवळ अंडी कमी आणि किस्से जास्त साठतात, हे मी अनुभवाने सांगते! अंडी घार नेते, मुंगूस नेतं, पाहुणे नेतात. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते घरातच पडून राहतात आणि कुणी चहाला टेकलं की बाहेर येतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

लग्न होऊन मी मुडबीला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माहेर उदगीरकडचं. वडील लहानपणीच गेलेले, आईला मी एकटी. सासरी पाठवताना तिने फराळाच्या डब्याबरोबर टोपलीत एक तांबडी कोंबडी बांधून दिली. म्हणाली, "गोदा, तिकडं करमायलं नाई तर हिच्याशी बोलत जा." त्याच पावसाळ्यात आई गेली आणि घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून जे काही उरलं ते माझ्या खुराड्यात होतं. हसू नका, पण तांबडीला काही झालं तर माझं तिकडचं सगळंच संपलं, असं मला वाटायचं.

आमच्या परसाला दोन बाजूंनी कमरेइतक्या मातीच्या भिंती. एका भिंतीपलीकडे शरणक्का आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे हुसेनचाचा. शरणक्का बसवण्णांना मानणाऱ्या घरातली विधवा बाई. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. हुसेनचाचा पोलिसातून पेन्शनीत निघालेले जवान, त्यांचं सगळं दख्खनीत. मी उदगीरची मराठी घेऊन मध्ये बसलेली. कोंबड्यांना मात्र तिन्ही भाषा कळायच्या.

* * *

शरणक्काच्या घरात अंड्याचं नावही घेत नसत. ती अंड्याला "ते पांढरं" म्हणायची. एकदा सकाळी भिंतीपलीकडून तिची हाक आली, "गोदा, तुझ्या कोंबडीनं माझ्या सुपात ते पांढरं ठेवलंय! येऊन घेऊन जा, तवर मी डोळे मिटते."

मी घाबरून पळाले. बघते तर काय, शरणक्का सुपाशेजारी खरंच घट्ट डोळे मिटून बसलेली, आणि हातात ही एवढी काठी!

"काठी कामून, अक्का?"

"कावळा आल्ता," ती म्हणाली. "डोळे मिटूनच हाकलला."

तेव्हापासून आमच्या खुराड्याची पहिली राखणदार तीच. कोंबडीला हात लावायचा नाही, अंडं बघायचं नाही, पण कावळा-मांजर दिसलं की पदर खोचून हजर. मी कधी राखायला सांगितलं नाही आणि तिने कधी उपकार केल्यासारखं दाखवलं नाही.

* * *

तांबडीला पहिली पिल्लं झाली तेव्हा घार फार माजली होती. कानडीत घारीला हद्दू म्हणतात. हे त्या दिवशी मला कळलं आणि माझ्याबरोबर सरकारलाही कळलं!

झालं असं, की दोन शेतकऱ्यांचा बांधावरून तंटा होता, म्हणून महसूल खात्याचे गिरदावरसाहेब मोजणीची साखळी घेऊन गावात आले होते. आमच्या गल्लीतून जात असतानाच घारीने झेप घेतली आणि शरणक्का भिंतीवर चढून ओरडली, "हद्दू बंतु! हद्दू बंतु!"

साहेब जागच्या जागी थांबले. त्यांना वाटलं, इथेही कुणाची तरी हद्द सरकली. साखळीवाली दोन माणसं घेऊन तडक परसात! "कौनसी हद? कोणी सरकवली? दाखवा!"

शरणक्काने काठी आभाळाकडे केली. "ती काय, तिथं वर!"

साहेबांनी टोपी सावरत वर बघितलं. घार दोन गिरक्या घेऊन निघून गेली. साहेब शांतपणे म्हणाले, "अम्मा, ऊपर की हद हमारे महकमे में नहीं आती!"

पण माणूस भला. जाताना पिल्लं मोजून गेले. सातच्या सात होती.

* * *

घारीसाठी मग हुसेनचाचांनी उपाय काढला. पेटीतला जुना खाकी कोट काढला, दोन काठ्यांवर चढवला, वर टोपी ठेवली आणि तो शिपाई खुराड्याशेजारी उभा केला. "अब देखो बेटी, कौन आता है!"

घार आली. मुंगूसही आलं आणि कोटाच्या खालूनच पिल्लू घेऊन गेलं. घाबरली ती फक्त माणसं! गल्लीतून जाणारा येणारा भिंतीवरून खाकी बघायचा आणि घाईघाईने हात कपाळाला लावायचा. शिंदीच्या घागरी नेणाऱ्याने तर रस्ताच बदलला.

मी म्हटलं, "चाचा, काढून टाका आता तो. कोंबड्यांना काही उपयोग नाही."

चाचा आपल्या ओसरीवरून ते सलाम मोजत बसलेले. म्हणाले, "नक्को बेटी, रहने दे. मैं अंदर था तब इत्ते सलाम कब्भी नईं हुए!"

* * *

मुंगसाचा बंदोबस्त अजून व्हायचा होताच. चाचा म्हणाले, नदीतला गोल गोटा घे, चुना लाव आणि अंड्यांत ठेव. मुंगूस एकदा दात आपटून घेईल, पुन्हा तोंड दाखवणार नाही. मी तसं केलं. गोटा इतका हुबेहूब झाला की तांबडीही त्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी शेतात जाण्याच्या घाईत खुराड्यात हात घातला आणि हाताला लागलं ते अंडं समजून चाचांकडे देऊन आले. दुपारी चाचा पातेलं घेऊन दारात उभे. "बेटी, सुबह से उबाल रहा हूँ. एक लकडी का गठ्ठा जल गया!"

मी पातेल्यात बघितलं आणि पदर तोंडात कोंबला.

चाचांनी गोटा बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मुंगूस ने हाथ लगाया था इसकू?"

"नाही, चाचा."

"मेरे से अक्लमंद निकला!"

* * *

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात गावात मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची साथ आली. घरोघरची खुराडी आठ दिवसांत रिकामी झाली. माझ्याकडे एकटी तांबडी राहिली आणि चाचांकडे त्यांचा कोंबडा. तांबडी आता म्हातारी झाली होती, तरी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. मी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. तिचं रक्त राहायचं तर या नऊ अंड्यांतूनच, हे मला माहीत होतं आणि शरणक्कालाही माहीत होतं. अठरा दिवस आम्ही दोघींनी तिच्यावरची नजर हलवली नाही.

खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते. तेवढा वेळ मी तिच्यावर बांबूचं डालं झाकून ठेवायची. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तांबडी उठली, दाण्यावर आली. मी डालं उचलून तिच्यावर ठेवणार, तेवढ्यात भिंतीवरून शरणक्का ओरडली, "नाई! नाई!"

कानडीत नाई म्हणजे कुत्रं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, तीन वर्षं झाली होती त्या गावात. पण घाईत कान माहेरचीच भाषा ऐकतो. आमच्याकडे नाई म्हणजे नाही, नको. मला वाटलं, डालं ठेवू नको म्हणतेय. मी डालं तसंच हातात धरून थांबले आणि वर बघून विचारलं, "कामून, अक्का?"

कडब्याच्या गंजीमागून कुत्रं आलं आणि तांबडीला घेऊन गेलं.

शरणक्का भिंतीवरून उडी टाकून त्याच्यामागे धावली. चाचा काठी घेऊन धावले. तांबडी सुटली, पण मेलेली. शरणक्का माझ्यापुढे मातीत बसली आणि कपाळ बडवत म्हणाली, "मी मराठीत वरडाय पाहिजे होतं गं! माझ्या जिभेनं मेली!"

मला आई पुन्हा गेल्यासारखं झालं होतं.

* * *

अंडी तेवढी राहिली होती, अजून कोमट. चाचा गावभर फिरून आले. खुडूक कोंबडी सोडा, साधी कोंबडी कुणाकडे नव्हती. मी टोपलीपुढे नुसती बसून होते.

शरणक्का उठली. हातपाय धुऊन आली. गळ्यातलं लिंग दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटली, आणि माझ्यापुढे ओटी पसरली. "दे ते पांढरं इकडं."

"अक्का, तुम्ही?"

"दे म्हणते न्हवं!"

नवरा गेल्यापासून वीस वर्षांत त्या ओटीत कुणी काही घातलं नव्हतं. मी एक एक करून नऊ अंडी घातली. या खेपेला तिने डोळे मिटले नाहीत.

तीन दिवस ती चुलीशेजारी बसून राहिली. अंडी पोटाशी, वरून गोधडी. तिच्या चुलीपर्यंत मला कधी प्रवेश नव्हता, कारण आमच्या घरात अंडी-मटण चालायचं. त्या तीन दिवसांत तिची भाकरी मी थापली, तिच्या पिठाची, तिच्या तव्यावर. तिने "मीठ जास्त पडलंय" असं म्हणून खाल्ली.

बाहेर दारात चाचा काठी घेऊन पहाऱ्यावर. तोच खाकी कोट आता स्वतः घालून बसलेले! कुत्रं तर सोडाच, गल्लीतल्या बायकांनाही आत सोडेनात. कुणी विचारलं की हळूच सांगायचे, "आवाज नक्को करो. अंदर जच्चा है!" जच्चा म्हणजे बाळंतीण.

आतून शरणक्काने चाचांना कानडीत काय उत्तर दिलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

एकविसाव्या दिवशी गोधडीत आवाज झाला. शरणक्का मला म्हणाली, "गोदा, बघ गं, मला गुदगुल्या व्हायल्यात." नवांतली सहा निघाली. दोन तांबडी, तंतोतंत आईसारखी. आम्ही दोघी त्या चुलीपुढे मनसोक्त रडलो.

* * *

पिल्लांनी डोळे उघडून पहिली बघितली ती शरणक्का. मग ती जिथे जाईल तिथे ही सहाजणं मागे! आडावर मागे, गोठ्यात मागे. ती त्यांना हाकलायची, पण पायाखाली येऊ नयेत म्हणून चालायची मात्र एकदम हळू.

पंधरा दिवसांनी गावच्या मठात स्वामी आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. सोमवार होता. शरणक्का आंघोळ करून, विभूती लावून दर्शनाला निघाली. मी पिल्लं डाल्याखाली नीट झाकली होती. ती कशी निघाली देव जाणे! मी डालं घेऊन धावत मठाच्या दारात पोहोचले, तेव्हा शरणक्का अप्पांपुढे हात जोडून बसलेली होती आणि तिच्यामागे ओळीने सहा पिल्लं. एक तर तिच्या पदरावर चढून बसलेलं.

बायका बाजूला सरकल्या. मठाशिवाय या बाईला गावात दुसरं काय होतं? आणि माझ्या कोंबड्यांपायी तेही जाणार!

अप्पांनी पिल्लांकडे बघितलं. "शरणम्मा, ही कुणाची?"

शरणक्काने मान खाली घातली नाही. दारात डालं घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिच्या माहेरची माणसं हायत, अप्पा. लेकीला बघाय आल्यात."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्या सहांकडे. मग शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाले, "मग असं बसवून कामून ठेवायलात? पाय धुवाय पाणी द्या की त्यांना!"